मोठ्या टी. व्ही.ची बखर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा बजबजचाच इतिहास लिहावा, असे प्रथम मनात आले. या गावाला इतिहासाची वाण नाही. डिसेंबर १७५६ मध्ये क्लाइव्हच्या सैन्याने येथील किल्ला घेतला. फेब्रुवारी १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच आगगाडीत बसून सियालदहला गेले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी 'कोमागाता मारू' जहाजातून उतरलेल्या पंजाबी प्रवाशांवर येथेच गोळ्या झाडल्या गेल्या. (बदलीवर प्रथमच येणाऱ्या मराठी माणसाला गावाचे नाव ऐकून 'बजबजपुरी' आठवते, पण ते आपल्या भाषेचे देणे, गावाचा त्यात दोष नाही.) तथापि या घटनांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या हाती आले ते मंडळाच्या दफ्तरातील एक सुतळीने बांधलेले बाड. त्यावर शाईने लिहिले आहे : 'मोठा टी. व्ही. – खर्च व दुरुस्ती.'

सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला असे बाड दिसले, की ते सोडवल्यावाचून राहवत नाही. आत पावत्या होत्या. ऑगस्ट २००३, जानेवारी २००४ आणि सप्टेंबर २००४ अशा तीन पावत्यांवर एकच भाग बदलल्याची नोंद होती आणि प्रत्येक वेळी पैसे पूर्ण चुकते केलेले होते. एकच बाब तीनदा खर्ची पडली, म्हणजे तिच्यामागे काही तरी कारण असले पाहिजे, हे लेखापरीक्षकाला सांगावे लागत नाही. ते कारण शोधता शोधता आम्ही मंडळाच्या सभागृहातून पार कल्याण, लंडन आणि झुरिकपर्यंत जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाचा हा वृत्तांत.

आपले मंडळ आणि कलकत्त्याचे दूरदर्शन केंद्र यांचे वय जवळजवळ सारखे. देशात दूरचित्रवाणी आली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि कलकत्त्याचे ९ ऑगस्ट १९७५ रोजी. येथील मराठी घरांना बंगाली कार्यक्रम कळत, आवडतही. पण मुंबई केंद्रावरील नाटके सुटीत गावी गेल्यावरच पाहायला मिळत. पुढे व्हिडिओ कॅसेटी आल्या. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत चकलीच्या डब्याशेजारी एखादी कॅसेट असे. १९९९ साली 'अल्फा मराठी' वाहिनी सुरू झाली आणि 'आभाळमाया' या मालिकेची चर्चा पत्रांतून आणि फोनवरून हुगळीच्या काठापर्यंत येऊ लागली. येथील केबलवाल्याला मात्र चारदोन मराठी घरांसाठी ती वाहिनी देणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून मंडळाने सभागृहावर स्वतःची तबकडी बसवली. आता लहान पडद्यासमोर ऐंशी माणसे कशी बसवायची, हा प्रश्न उरला. तो २००१ साली सुटला. बदली होऊन निघालेल्या एका सभासदाने आपला त्रेचाळीस इंची प्रक्षेपक दूरदर्शन संच अल्प किमतीत मंडळाला दिला. संच तेव्हाच सहासात वर्षांचा होता. लाकडी कपाटाएवढी ती पेटी चौघांनी मिळून जिन्यावरून वर नेली, ही आठवण जुने सभासद अजून सांगतात.

'प्रक्षेपण' हा शब्द मराठीत थोडा घोटाळ्याचा झाला आहे. केंद्रावरून कार्यक्रम सोडणे हेही प्रक्षेपण आणि पडद्यावर चित्र टाकणे हेही प्रक्षेपणच. येथे दुसरा अर्थ घ्यावयाचा. साधा दूरदर्शन संच जी काच दाखवतो, तिच्यावरच चित्र उमटते. प्रक्षेपक संचात चित्र एका ठिकाणी तयार होते आणि भिंगातून मोठे होऊन दुसऱ्या ठिकाणी पडते. हे दुसरे काम फार जुने आहे आणि त्यात मराठी माणसाचा हात आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे एकाहून अधिक कंदिलांतून पडद्यावर टाकून त्यांत हालचालीचा भास उत्पन्न करणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. भारतात चलच्चित्र प्रथम दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. पटवर्धनांचे खेळ त्याच्याही आधीचे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की दोन कंदिलांची चित्रे पडद्यावर एकमेकांवर बिनचूक बसवावी लागत. जरा ढळले, की पात्राला दोन नाके. म्हणून कंदिलापाशी खेळ संपेपर्यंत जाणता माणूस उभा असावा लागे.

पुढच्या काळात यंत्रे बदलली, हा उभा माणूस मात्र कायम राहिला. बेअर्ड यांनी जून १९३२ मध्ये डर्बीची घोड्यांची शर्यत लंडनच्या मेट्रोपोल चित्रपटगृहातील पडद्यावर दाखवली, ती शेजारशेजारच्या तीन पट्ट्या जोडून. तीन तुकड्यांचे एक चित्र करण्याची खटपट तेव्हापासूनची आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये बून आणि डॅनहार यांची मुष्टियुद्धाची लढत लंडनमधील प्रेक्षकांनी तिकीट काढून चित्रपटगृहांत दूरचित्रवाणीवर पाहिली. त्याच वर्षी झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील फ्रिट्झ फिशर यांनी 'आयडोफोर' या यंत्राची कल्पना मांडली. १९४३ अखेर त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले. फिशर स्वतः १९४७ साली वारले. या यंत्रात आरशावर तेलाचा पातळ थर पसरलेला असे. विजेचा झोत त्या तेलावर सूक्ष्म सुरकुत्या पाडी आणि प्रखर दिव्याचा प्रकाश त्या सुरकुत्यांमुळे चित्ररूपाने पडद्यावर जाई. चित्र इतके तेजस्वी असे, की पुढे अमेरिकेच्या चांद्रमोहिमांच्या वेळी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील मोठ्या पडद्यांसाठी ही यंत्रे वापरली गेली. पण तेल थंड ठेवावे लागे, निर्वात कक्ष सांभाळावा लागे आणि झोत सोडणारा भाग वरचेवर बदलावा लागे. आयडोफोर विकत घेणाऱ्याला यंत्राबरोबर शिकलेला माणूसही ठेवावा लागे आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नसे.

आपल्याकडेही तीच रीत होती. चित्रपटगृहात यंत्रखोलीत परवानाधारक ऑपरेटर असे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्यातही प्रत्येक गावच्या सामाईक संचासाठी एक राखणदार नेमलेला होता. सामाईक यंत्र सर्वांचे असते, म्हणूनच त्याला एका कोणाच्या तरी नावावर टाकावे लागते.

ही रीत मोडली ती प्रक्षेपक घरात आला तेव्हा. १९७२ साली अमेरिकेत हेन्री क्लॉस यांच्या अॅडव्हेंट कंपनीने 'व्हिडिओबीम' हा घरगुती प्रक्षेपक संच बाजारात आणला. त्याचा सात फुटी पडदा वेगळा आणि यंत्र वेगळे; यंत्र पडद्यासमोर जमिनीवर ठेवावे लागे. ते कुठे ठेवायचे आणि तीन रंग कसे जुळवायचे, हे मालकाला ठाऊक असावे लागे. नंतरच्या कारखानदारांनी मात्र यंत्र, आरसा आणि पडदा एकाच पेटीत कोंबले, पेटीला लाकडी रंगाचा मुलामा दिला आणि खाली चाके लावली. प्रक्षेपक दिवाणखान्यातील फर्निचर झाला. पेटी उघडू नये, अशी सूचना मागे चिकटवलेली असे आणि ती योग्यच होती, कारण आत सुमारे तीस हजार व्होल्टांचा दाब असतो आणि संच बंद केल्यावरही काही काळ रेंगाळतो. परंतु त्यामुळे असा समज दृढ झाला, की आत पाहण्याजोगे काही नाही. आमच्या मते मोठ्या टी. व्ही.च्या साऱ्या दुखण्यांचे मूळ येथे आहे. यंत्र प्रक्षेपकच राहिले आणि त्याचा ऑपरेटर मात्र नाहीसा झाला.

आता पेटीच्या आत काय होते, हे सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही. तळाशी तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन लहान चित्रनळ्या असतात. तळहातात मावेल एवढ्या प्रत्येक नळीवरचे चित्र मोठ्या पडद्याएवढे फुगवायचे, म्हणजे ती नळी विलक्षण तेजाने जळली पाहिजे. म्हणून नळीचे तोंड आणि भिंग यांच्यामध्ये थंड ठेवणारा द्रव भरलेला असतो. प्रकाश वर जाऊन तिरप्या आरशावर आदळतो आणि मागच्या बाजूने पडद्यावर येतो. मधली नळी सरळ पाहते, बाजूच्या दोन तिरप्या. साहजिकच त्यांची चित्रे वाकडी पडतात. ती सरळ करून तिन्ही चित्रे एकमेकांवर बसवण्यासाठी प्रत्येक नळीभोवती वेगळ्या तारेची वेटोळी असतात. तीन रंग आणि प्रत्येकाची आडवी व उभी दुरुस्ती, असे सहा प्रवाह अखंड चालू ठेवावे लागतात. हे काम दोन जाड चिपांकडे असते. मिस्त्री मंडळी त्यांना 'एसटीके' म्हणून ओळखतात. चित्र लागलेले असेपर्यंत त्यांना क्षणाची विश्रांती नसते. त्या सतत तापतात आणि ती उष्णता अॅल्युमिनियमच्या पंखेदार पत्र्यातून बाहेर जावी लागते.

ऑगस्ट २००३ मध्ये, श्रावणातल्या एका दमट संध्याकाळी, बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या डोक्यावर निळी कमान दिसू लागली. दहा मिनिटांत चेहऱ्याशेजारी निळा चेहरा उभा राहिला. मिस्त्री आले, दोन्ही चिपा बदलल्या, चित्र सुरेख झाले. ते पाच महिने टिकले. जानेवारीत पुन्हा तेच; या वेळी दुसऱ्या दुकानाचे मिस्त्री आले, पुन्हा चिपा बदलल्या. सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर तिसऱ्यांदा. तिसरी दुरुस्ती चतुर्थीला झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री, सभागृह भरलेले असताना, संपुष्टात आली. नाटकाची कॅसेट चालू होती. नायक एक आणि सावल्या दोन. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेचे इतिवृत्त आम्ही वाचले. संच भंगारात काढावा, असा ठराव मांडला गेला होता. विरोध प्रामुख्याने वृद्ध सभासदांनी केला, ज्यांना आठवड्यातून एकदा मोठ्या आकारात आणि मोठ्या आवाजात मराठी ऐकायला मिळत होते. ठराव एका मताने फेटाळला गेला.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. मिस्त्रींना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. त्यांना पैसे मिळत ते बदललेल्या भागाचे. कारण शोधण्यात घालवलेल्या तीन तासांची पावती फाडण्याची आपल्याकडे पद्धत नाही. सरकारी अंदाजपत्रकातसुद्धा वस्तूला लेखाशीर्ष असते, शोधाला नसते. जळलेला भाग काढला, नवा घातला, चित्र आले, बिल झाले. चित्र कशाने गेले होते, हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा?

तो विचारला आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निवृत्त झाले होते आणि मंडळात सर्व जण त्यांना 'सिग्नलकाका' म्हणत. सिग्नल खात्यात बिघाड नुसता काढून भागत नाही, तो का झाला ते नोंदवावे लागते. काकांनी एक शंभरपानी वही घातली. ती या बाडातच आहे. पहिल्या पानावर त्यांनी तिन्ही वेळच्या बिघाडाची तारीख, हवा, संच किती वेळ चालू होता आणि आधी कोणता रंग ढळला, एवढे चारच रकाने आखले. आठवणीतून ते भरून घेतले. तिन्ही वेळा पहिल्याने निळाच रंग ढळला होता आणि तिन्ही वेळा संच दोन तासांहून अधिक चालू होता. भाग नवा आणि खोड जुनीच, तेव्हा दोष भागात नसून भागाच्या शेजारी आहे, असे त्यांनी खाली लिहिले आहे.

मग त्यांनी पहिल्याच मिस्त्रींना बोलावले. "मिस्त्रीदा, या खेपेला चिप बदलायची नाही. आधी दिवसभर नुसते मोजायचे. दिवसाचे पैसे मंडळ देईल." मिस्त्रीदा आधी हसले, मग म्हणाले, "काका, असे कोणी सांगत नाही हो." वहीतील पुढच्या नोंदी या दोघांच्या.

प्रथम विजेचा पुरवठा. चिपांना अधिक आणि उणे असे दोन सारखे दाब मिळावे लागतात. येथे उणे बाजूचा दाब लंगडा होता. त्या बाजूच्या कपॅसिटरचे डोके फुगलेले होते, आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटलेला. दोन्ही बाजूंचा तोल गेला, की चिपेला चित्र नसतानाही प्रवाह वाहावा लागतो आणि ती विनाकारण तापते. दुसरे, निळ्या रंगाच्या वाटेवरील एक लहान रेझिस्टर वरून धडधाकट दिसत होता. मोजल्यावर त्याचा रोध त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांशी जुळेना. तिसरे, सोल्डरच्या काही डाखांभोवती भिंगातून केसाएवढी गोल भेग दिसली. संच तापला, की ती उघडे आणि निवला, की मिटे. म्हणूनच बिघाड दोन तासांनी येई. चौथे, चिप आणि पत्रा यांच्यामध्ये लावायचे पांढरे मलम वाळून खडूसारखे झाले होते. भाग तीनदा बदलला, मलम एकदाही नाही. आणि पाचवे, काढून ठेवलेल्या चिपांपैकी दोन वजनाला हलक्या निघाल्या, त्यांवरची अक्षरे बोटाने पुसली जात होती. अस्सल मालाचे उत्पादन कमी होत गेले, की त्याच नावाचा नकली माल बाजारात येतो, ही गोष्ट औषधांपासून आम्हा सर्वांच्या परिचयाची आहे.

यांपैकी कोणतेही एक कारण एकटे असते, तर कदाचित पहिली दुरुस्ती टिकली असती. पाचही एकत्र असल्यामुळे एक काढले, की उरलेली चार नव्या भागाचा बळी घेत. दुरुस्तीचा क्रमच मग उलटा लावला गेला : आधी पुरवठा, मग रेझिस्टर, मग सर्व डाख नव्याने, मग मलम आणि सर्वांत शेवटी चिपा. भाग मिळवण्यासाठी काका आणि मिस्त्रीदा बजबज लोकलने सियालदहला आणि तेथून चांदनी बाजारात दोनदा जाऊन आले. प्रवासखर्चाची नोंद आहे. चहाची काकांनी स्वतःच्या खात्यावर टाकली आहे.

त्यानंतरचा रविवार सभासदांच्या चांगला लक्षात राहिला. पडद्यावर चौकटींची जाळी लावून तीन रंग जुळवण्याचे काम दिवसभर चालले. सकाळी पडद्यावर तीन जाळ्या होत्या, तीन कोळ्यांनी भांडून विणल्यासारख्या. मधल्या हिरव्या जाळीवर आधी तांबडी आणली. दोन्ही मिळाल्या तेथे रेषा पिवळी झाली. मग निळी. दुपारी चारच्या सुमारास मधला भाग पांढरा झाला, कोपरे दिवे लागल्यावर. मुले हे पाहायला जमली होती आणि रेषा पांढरी झाली, की टाळ्या वाजवीत होती. पटवर्धनांच्या खेळात कंदील जुळवणाऱ्याला टाळ्या मिळत होत्या की नाही, कोण जाणे, येथे मिळाल्या.

त्या दिवसापासून संचाला राखणदार मिळाला. वहीत नियम लिहिलेले आहेत. पेटी भिंतीपासून हातभर पुढे राहील. (ती तोवर ओलीच्या भिंतीला टेकवलेली होती आणि हुगळीकाठची ओल काय असते, हे येथे राहणाऱ्यांस सांगणे नको.) स्टॅबिलायझरशिवाय संच लागणार नाही. कार्यक्रमाआधी अर्धा तास संच तापवावा, मगच रंग तपासावेत. महिन्यातून एकदा जाळी लावून पाहावी. काकांनी दोन तरुण सभासदांना हे काम शिकवले आणि दर सहामाहीला मिस्त्रीदांना, बिघाड असो वा नसो, पाहणीचे पैसे देण्याची तरतूद अंदाजपत्रकात करवून घेतली. त्या तरतुदीवर दर वर्षी वाद होई. काहीच बिघडले नाही, तर पैसे कशाचे, असा प्रश्न विचारला जाई आणि काका दर वर्षी तेच उत्तर देत, की बिघडले नाही त्याचे.

या व्यवस्थेने संच पुढे सात वर्षे चालला. २००८ साली हिरवा रंग धुरकट झाला. थंड ठेवणाऱ्या द्रवात गढूळपणा आला होता, तो बदलून घेतला. चिपांना हात लावावा लागला नाही. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला, तो सामना या पडद्यावर पाहायला शेजारचे बंगाली कुटुंबीयही आले होते आणि जिन्यापर्यंत माणसे उभी होती. धोनीचा तो षटकार एकच दिसला, तीन नव्हे, असे इतिवृत्तलेखकाने नमूद केले आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तांबड्या नळीचा द्रव झिरपून खालच्या पट्टीवर सांडला आणि त्याने तांब्याच्या वाटा खाल्ल्या. मिस्त्रीदांनी दिवसभर मोजले आणि या वेळी दुरुस्ती करू नये, असे स्वतःच सांगितले. पट्टी मिळत नव्हती आणि तिन्ही नळ्यांचे तेज उतरले होते. बाहेरच्या जगातही या जातीचे दिवस भरत आले होते. तीन नळ्यांच्या संचांची जागा आधी एका दिव्यावर चालणाऱ्या सूक्ष्म आरशांच्या चिपेने घेतली होती, जी लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सिद्ध केली. आणि मग भिंतीवर टांगायच्या सपाट पडद्यांनी दोघांनाही घालवले. पेटीतले प्रक्षेपक बनवणारी शेवटची मोठी कंपनी मित्सुबिशी; तिने डिसेंबर २०१२ मध्ये ते काम थांबवले.

सिग्नलकाका २०१२ मध्ये मुलाकडे नागपूरला गेले. वहीतील शेवटची नोंद त्यांच्या हातची नाही. पेटी, नळ्या आणि तारा भंगारवाल्यास वजनावर दिल्या. पडद्यामागील रेघारेघांचे मोठे भिंग एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दिले, उन्हात ठेवू नये या ताकिदीसह, कारण ते कागद पेटवते. आणि आरसा ठेवून घेतला. तो आज मंडळाच्या रंगपटात आहे आणि गणेशोत्सवातील नाटकाची मंडळी त्याच्यासमोर बसून रंगभूषा करतात. त्याचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या बाजूस आहे. तेव्हा कोरड्या फडक्याने तो पुसू नये, एवढी विनंती या निमित्ताने सर्व कलाकारांना आहे.